साखरबाई आणि सात नंबरचा ड्रम

कागदाच्या त्या कारखान्यात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. टाइमकीपरला ‘कोंबडा’ म्हणत, कारण सकाळचा भोंगा त्याच्या हातात. परदेशातून नवी यंत्रं उभी करायला आलेला इंजिनिअर म्हणजे ‘एकवचनी’. आणि त्याचं बोलणं इकडच्यांना, इकडच्यांचं त्याला सांगणारी दुभाषी, ती ‘साखरबाई’.

एकवचनी कुठलीही गोष्ट एकदाच सांगायचा. सांगायचा, वहीत टिपायचा आणि चालू लागायचा. पुन्हा विचारलं तर निळ्या डोळ्यांनी असं बघायचा, की विचारणाऱ्याला आपण त्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटावं. फिटर लोक म्हणत, “ह्यानं बायकोला लग्नाचंसुद्धा एकदाच विचारलं असणार. ती बिचारी तेव्हा भांडी घासत असेल, ऐकू आलं नसेल तरी झालंच लग्न!”

साखरबाईंचं नाव पडलं ते त्यांच्या तोंडून कडू शब्द बाहेर येत नसे म्हणून. एकवचनी म्हणायचा, “हा जोड शाळेतल्या पोरानं केलाय. तोडा.” बाई सांगायच्या, “साहेब म्हणतात, जोड आणखी सुबक होऊ शकेल.” मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, दात-ओठ खात म्हणायचे, “त्या दगडाला सांगा, माझ्या माणसांशी तोंड सांभाळून बोल म्हणावं.” बाई त्याला सांगायच्या, “साहेब तुमच्या बारीक नजरेचे आभारी आहेत.” दगड मान हलवायचा. मोठे साहेब हसायचे. पत्रांचंही तेच. टाइपरायटरवर बाई त्यांचं भाषांतर काढायच्या, आणि मूळ पत्रातली धार त्या भाषांतरात कधी उतरायची नाही. आठ महिने दोन देशांची माणसं एका छपराखाली राबली आणि साधी बाचाबाचीसुद्धा झाली नाही. मोठे साहेब चारचौघांत म्हणत, “आमच्या बाई म्हणजे यंत्रातलं तेल.”

बाईंना ह्यात खोटेपणा वाटत नव्हता. घरात मामीचं मामाला आणि मामाचं मामीला त्या लहानपणापासून असंच सांगत आल्या होत्या.

आई लवकर गेली, तेव्हापासून त्या मामाकडेच वाढल्या. मामा कारखान्याचे मुख्य मिस्त्री. तीस वर्षं लोखंडाशी बोललेला माणूस. शिक्षण बेताचं, पण हातोडीनं टकटक करून ओतीव लोखंडाच्या पोटात काय आहे ते सांगायचे. भाचीला परकी भाषा शिकायची हौस आली तेव्हा चार वर्षं ह्याच मामांनी तिला सायकलवर पुढे बसवून संध्याकाळच्या वर्गाला नेलं होतं. वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. पाऊस असला तर डोक्यावर तिचीच वही धरून. परत येताना विचारायचे, “आज काय शिकलीस? बोलून दाखव.” ती बोलायची. त्यांना एक अक्षर कळायचं नाही, तरी म्हणायचे, “वा! घंटेसारखं वाजतंय.”

तर अशी ती भाषा मामांच्या सायकलवरून आली होती. पुढे जे झालं ते कळायला एवढं ध्यानात ठेवायला हवं.

नव्या यंत्रात कागद वाळवायचे बारा ड्रम होते. ओतीव लोखंडाचे, आतून पोकळ, माणसाच्या उंचीचे. आत वाफ सोडायची, वरून ओला कागद फिरवायचा, तो सुकून पुढे जायचा. सगळे ड्रम बोटीनं आले, पण सातव्याचं एका बाजूचं झाकण वाटेत फुटलं. झाकण म्हणजे काही डब्याचं नव्हे, चार माणसांना न उचलवणारी लोखंडाची जाड चकती. तिकडून नवं यायला चार महिने लागणार होते. मामा म्हणाले, “आपण ओतू.” लाकडाचा साचा केला, तीन ओतकामं फुकट घालवली, चौथं साधलं. मामांनी हातोडी मारली. सगळ्या शेडभर नाद घुमला. त्या दिवसापासून सात नंबर म्हणजे मामांचा. त्याच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तरी ओरडायचे.

मंगळवारी सकाळी एकवचनी सात नंबरपाशी ओणवा झाला होता. झाकणावर रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडू घासला. बाई पोचल्या तेव्हा तो हात पुसत होता. खडू पुसून टाकला होता. तेवढ्यात मामाही आले.

एकवचनी त्यांच्याकडे न बघता बाईंना म्हणाला, “ह्या झाकणाला चीर आहे. बोल्टांच्या कडेनं. ह्यात वाफ सोडायची नाही. ह्याची नळी तबकडी बसवून बंद करा आणि अकरा ड्रमांवर चालवा. आणि ज्यानं हे कानानं तपासून पास केलं, त्याला यंत्राच्या जवळ फिरकू देऊ नका. वाफ आंधळ्याची भीड ठेवत नाही.”

मामा हसऱ्या तोंडानं वाट बघत उभे होते. “काय म्हणतोय?”

बाईंच्या जिभेवर आलेलं सगळं एका क्षणात विरघळलं. “साहेब म्हणतात, सात नंबरकडे जरा लक्ष असू द्या.”

“लक्ष? सांग त्याला, पोटच्या पोरासारखं लक्ष आहे माझं.”

बाईंनी तिकडे सांगितलं, “ते म्हणतात, मी स्वतः त्याची पूर्ण काळजी घेतो.”

एकवचनीनं मान हलवली, वहीत टिपलं आणि चालू लागला. दुपारच्या गाडीनं तो बंदरावर गेला. शुक्रवारी यंत्र पहिल्यांदा चालवून बघायचं होतं. दोन्ही देशांचे डायरेक्टर येणार होते. त्यांना घेऊन शुक्रवारी सकाळीच तो परतणार होता.

बाईंनी ठरवलं होतं, संध्याकाळी मामांना एकटं गाठून नीट सांगायचं. पण घरी गेल्या तर मामा मामीला सांगत बसलेले. “तो गोरा स्वतः म्हणाला, सात नंबरकडे लक्ष असू द्या. बारा ड्रमांतला माझाच दिसला त्याला! कळतं हो त्यांनाही.” मामी हसून म्हणाली, “आता तरी घरातली खिडकी दुरुस्त करा म्हणावं.” त्या हसण्यात बाईंचे शब्द गिळले गेले.

रात्री अंथरुणावर पडून त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरंच धोक्याचं असतं तर तो पुन्हा बोलला असता. मनापासून ‘नको’ म्हणणारा माणूस एकदा सांगून थांबतो का? आपल्यात पहिलं ‘नको’ म्हणजे रीत, दुसरं म्हणजे आग्रह बघणं, तिसऱ्यांदा म्हटलं की ते खरं. ह्यानं तर एकदाच म्हटलं, तेही हात पुसत. तापट माणूस, बोलून गेला. उद्या विसरेल.

आठ महिने त्याच्याशेजारी बसूनसुद्धा त्यांना हे उमगलं नव्हतं, की तिकडे पहिलं ‘नको’ हेच शेवटचं असतं. आणि दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे समोरच्याला मूर्ख म्हणणं.

शुक्रवारी आठपासून वाफ सोडायला सुरुवात झाली. ओतीव लोखंडाला एकदम आच देत नाहीत. थोडं थोडं तापवत नेतात. अकराला डायरेक्टर यायचे, तोवर दाबाचा काटा तीनवर न्यायचा असं ठरलं होतं. पाहुण्यांना विश्रामगृहावर उतरवून एकवचनी नऊ-साडेनऊला आला आणि आधी ऑफिसात कागद घेऊन बसला. बाई शेजारी टाइप करत होत्या. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. त्यांना ते जन्मभर आठवत राहिलं.

वर न बघता तो म्हणाला, “सातच्या नळीवर जी तबकडी बसवली, ती कुणी केली? पाहुणे यायच्या आत मला बघायचीय.”

बाईंची बोटं टाइपरायटरवर थांबली.

“कुठली तबकडी?” असं विचारण्याची गरज नव्हती. त्यांना मंगळवारचा प्रत्येक शब्द पाठ होता. ही त्यांच्या धंद्याची सवय. दुसऱ्याचे शब्द त्या पुसत असत, विसरत नसत.

“मी... बघून येते,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

ऑफिसपासून शेडपर्यंत दोनशे पावलं. बाई आयुष्यात पहिल्यांदा साडी गुडघ्यापर्यंत उचलून पळाल्या. कोंबडा दारातून ओरडला, “अहो बाई, भोंगा झाला नाही अजून!” त्यांनी ऐकलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं. मामांना न दुखवता कसं सांगायचं? झाकण बघा म्हणावं? साहेबांना शंका आहे म्हणावं? जरा थांबा म्हणावं?

शेडमध्ये बाराही ड्रम संथ फिरत होते. नळ्या फुरफुरत होत्या, पट्टे आपटत होते, पंपांचा गदारोळ होता. सात नंबरच्या झाकणापासून दोन हातांवर मामा स्टूल टाकून बसले होते. धुतलेला सदरा घातला होता. ते कौतुकानं काट्याकडे बघत होते. काटा दोनच्या पुढे गेला होता. मागे तीन फिटर उभे होते.

बाई त्यांच्या कानापाशी वाकल्या. “मामा, सातचा व्हॉल्व्ह जरा बंद करता का?”

“काय?”

“सातची वाफ! जरा बंद करा!”

“का?”

“साहेब म्हणतात, जरा बघून घ्यावं—”

“तीन दिवस झाले बघतोय की! आता काय जरा? पाहुणे दारात आलेत!” मामा हसले आणि त्यांनी काट्याकडे बोट केलं. “अडीच होतोय बघ. तू जा, पदर सांभाळ, पट्ट्यात जाईल.”

काटा हलला. बाईंनी झाकणाकडे पाहिलं. काळं, गुळगुळीत, तेलानं चमकणारं. त्यावर काहीच दिसत नव्हतं. आणि त्यांना समजून चुकलं, की गोड शब्दाला इथे जागाच नाही. त्या आवाजात कुजबुज करता येत नव्हती. जे सांगायचं ते ओरडूनच सांगावं लागणार होतं, आणि ओरडलं की ते मामांबरोबर सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

त्यांनी मामांचा सदरा दोन्ही हातांनी धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या.

“मामा! झाकणाला चीर आहे! मंगळवारी साहेब म्हणाले होते, ह्यात वाफ सोडायची नाही! नळी बंद करा म्हणाले होते! आणि म्हणाले, ज्यानं हे कानानं पास केलं त्याला यंत्राजवळ फिरकू देऊ नका! वाफ आंधळ्याची भीड ठेवत नाही म्हणाले! मी सांगितलं नाही! मीच सांगितलं नाही तुम्हाला!”

मामांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेल्यासारखं झालं. ते हळूच उठले. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, झाकणाकडेही नाही. फिटरांना म्हणाले, “मागे व्हा. सगळे खांबाच्या पलीकडे व्हा. हिलाही घेऊन जा.”

“मामा, तुम्ही—”

“नेतोस का रे हिला!”

एका फिटरनं बाईंना दंडाला धरून ओढलं. सातचा व्हॉल्व्ह झाकणाच्याच बाजूला होता. मामा त्याच्यापाशी एकटे गेले आणि लाल चाक फिरवू लागले. चाक तापलं होतं, जड होतं. एक फेरा. दोन. तेवढ्यात दारातून एकवचनी आत आला. बाई परतल्या नाहीत म्हणून तो स्वतः बघायला निघाला होता. त्यानं फिरणारा ड्रम पाहिला, नळी पाहिली, वरचा काटा पाहिला. आणि मग त्याचा आवाज शेडच्या सगळ्या आवाजांच्या वर चढला. त्याला इकडचे दोनच शब्द येत होते, रोज फिटरांकडून ऐकून शिकलेले.

“बंद करा!” तो ओरडला. “बंद करा! बंद करा!”

तीनदा. खांबामागे उभ्या असलेल्या बाईंनी ते मोजलं.

आणखी चार फेरे झाले. चाक थांबलं. काटा अडीचवर क्षणभर थरथरला, मग खाली येऊ लागला. मामा चाकाला टेकून उभे राहिले.

मग मोठे साहेब आले, घामाघूम. मागे वेळेआधीच आलेले पाच डायरेक्टर, दोन इकडचे, तीन तिकडचे, डोक्यावर नव्या टोप्या घातलेले. “काय चाललंय? काटा खाली का येतोय? बाई, ह्यांना सांगा काहीतरी!”

“काय सांगू, साहेब?”

“सांगा की किरकोळ आहे!”

“किरकोळ नाहीये,” बाई म्हणाल्या.

पाहुण्यांना चहाला बसवलं. लोखंड हाताला सोसेल इतकं निवायला दीड तास गेला. त्या दीड तासात बाई भिंतीशी उभ्या होत्या. चीर नसावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. मग मामा खरे ठरले असते, तो गोरा तोंडावर आपटला असता आणि त्या स्वतः वेड्यात निघाल्या असत्या. चाललं असतं त्यांना. आणि चीर असावी असंही वाटत होतं, कारण नसेल तर त्यांनी मामांना भर शेडमध्ये आंधळा म्हटलं ते कशासाठी?

एकवचनी रॉकेलची बाटली घेऊन पुढे झाला. मामांनी हात पुढे केला. त्यानं बाटली दिली. मामांनी स्वतः रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, फडक्यानं कोरडं पुसलं. मग खडू घासला, सगळं झाकण पांढरं होईपर्यंत. मग सगळे बघत राहिले.

आधी काहीच नव्हतं. मग आत मुरलेलं रॉकेल वर येऊन एका बोल्टच्या कडेला केसाएवढी काळी रेघ उमटली. ती सरकत सरकत दुसऱ्या बोल्टपाशी गेली. तिथे थांबली नाही. तिसऱ्यापाशी पोचली.

मामांनी त्या रेघेवर हाताची वीत ठेवली. वीत पुरली नाही. खिशातून हातोडी काढून त्यांनी झाकणावर मारली. तोच नाद घुमला, स्वच्छ, घंटेसारखा. मामांनी हातोडी खिशात परत ठेवली.

“खोटं बोललं माझ्याशी,” ते म्हणाले. झाकणाबद्दल म्हणाले की भाचीबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

सातची नळी तबकडी बसवून बंद केली आणि तीनच्या सुमाराला अकरा ड्रमांवर यंत्र चाललं. कागद किंचित दमट निघाला, पण निघाला. डायरेक्टरांनी त्याचे तुकडे घडी करून खिशात घातले. ते गेल्यावर मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. एकवचनी आणि मामा आधीच तिथे होते. दोघेही उभेच.

“विचारा ह्याला, झालं कसं हे,” मोठे साहेब म्हणाले.

बाईंनी विचारलं नाही, सांगितलं. मंगळवारी तो काय म्हणाला, आपण काय सांगितलं, मामा काय म्हणाले आणि आपण त्याला काय सांगितलं. आधी त्याच्या भाषेत, मग इकडच्या.

एकवचनी म्हणाला, “आणखी किती वेळा?”

“रोज,” बाई म्हणाल्या.

“पत्रंही?”

“पत्रंही.”

त्यानं वही उघडली, आठ महिन्यांची पानं अंगठ्यानं सरसर फिरवली आणि मिटली. “म्हणजे मी इथे कुणाबरोबर काम करत होतो?”

बाईंनी ते मामांना सांगितलं. मामा पहिल्यांदाच त्या माणसाकडे सरळ बघत म्हणाले, “हेच मी विचारणार होतो.”

मोठे साहेब कपाळाला हात लावून बसले होते. “बाई, उद्यापासून तुम्ही फक्त टायपिंग करा. दुभाषी दुसरा बघू.”

“दुसरा कशाला?” मामा म्हणाले. “तोही साखरच घालणार. हिला निदान आता ठाऊक झालंय.” मग ते भाचीकडे वळले. डोळे लाल होते, आवाज थंड होता. “सांग त्याला. एकसुद्धा शब्द खाऊ नकोस. म्हणावं, चीर होती, माझा कान चुकला, हे मी कबूल करतो. पण अरे शहाण्या, माणसाचा जीव जायची गोष्ट एकदा पुटपुटून गाडीत बसून जातोस? तुझ्या तोंडाला काय वीज लागते, दोनदा बोलायला? तू यंत्रं बांधतोस, पण माणसाच्या डोळ्यांत बघायची अक्कल नाही तुला. बघितलं असतंस तर कळलं असतं, की मला काही कळलेलं नाही. सांग.”

बाईंनी सांगितलं. ‘शहाण्या’ला तिकडचा तसाच झोंबणारा शब्द शोधला आणि तो घातला.

एकवचनीचे कान लाल झाले. तो टेबलावर दोन्ही हात टेकून बोलू लागला. बाई मागोमाग सांगत गेल्या. “ते म्हणतात, आमच्याकडे मोठ्या माणसाला दोनदा सांगत नाहीत, तो अपमान असतो. म्हणतात, तुमचं ओतकाम भिकार नव्हतं, गार करताना घाई केलीत, तिथे माती खाल्ली. म्हणतात, तुमचा अहंकार त्या झाकणापेक्षा जाड आहे.”

“घाई? तीन दिवस वाळूत ठेवलं होतं!”

“आठ ठेवायला हवं होतं म्हणतात.”

“आठ? विचार त्याला, त्याचा आजा ठेवायचा का आठ दिवस?”

“हो म्हणतात. आजोबा ओतकामावरच होते.”

मामा थबकले. मग खुर्ची ओढून बसले. एकवचनीही बसला. त्यानं वहीचं कोरं पान फाडून त्यावर झाकणाचं चित्र काढलं. मामांनी त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन ते खोडलं. सहाचा भोंगा झाला तरी दोघं भांडत होते आणि बाई मधे उभ्या राहून घसा कोरडा पडेपर्यंत एकेक शब्द जसाच्या तसा इकडून तिकडे करत होत्या. मोठे साहेब कधीच उठून गेले होते.

घरी जाताना मामांनी सायकल हातात धरली होती. बाई दोन पावलं मागे. ह्याच रस्त्यानं पूर्वी ते विचारायचे, आज काय शिकलीस. त्यांचा उजवा तळहात चाकानं भाजला होता, त्यावर फडकं बांधलं होतं.

मामी दारातच उभी होती. “आलात? कसा झाला मोठा दिवस?”

मामा सायकल भिंतीला लावून आत गेले. जाता जाता, मागे न बघता म्हणाले, “हिला विचार. आज खरं सांगेल.”

बाई उंबऱ्याशी थांबल्या. मामी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आतून मामा हात धुतात त्याचा आवाज येत होता, आणि मधेच तो थांबला. ते ऐकत होते.

बाईंनी चपला काढल्या, आत येऊन मामीसमोर बसल्या आणि मंगळवारपासून सांगायला सुरुवात केली.